बटण दाबणाऱ्याने बोलावं का? क्ष-किरण विभागातल्या देखरेखीचा इतिहास

मागचे काही भाग आपण तोफा, रसद आणि तारायंत्र यांवर बोललो. आजचा विषय ऐकून काहींना वाटेल की कर्नलसाहेब वाट चुकले. हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, बोळाच्या टोकाला, वर लाल दिवा असलेलं एक दार असतं. त्या दारामागे एक्स-रे, सीटी, एमआरआय काढणारी जी माणसं काम करतात, त्यांच्याबद्दल आज बोलायचं आहे. ही माणसं कुणाच्या हुकमाखाली असतात, त्यांच्यावर लक्ष कुणी ठेवायचं, आणि त्यांना दिसलेली गोष्ट त्यांनी बोलायची की नाही?

हा विषय या मालिकेत बसतो, कारण या कामाची बरीचशी घडण युद्धभूमीवर झाली. दुसरं कारण माझं आहे. निवृत्तीनंतर काही वर्षं मी एका रुग्णालयात प्रशासक होतो आणि इमेजिंग विभाग माझ्या देखरेखीत होता. वैद्यक हा माझा विषय नाही. दुसऱ्याच्या जिवाची जबाबदारी असलेल्या माणसांकडून काम कसं करून घ्यायचं, हा मात्र आयुष्यभराचा विषय आहे.

8 नोव्हेंबर 1895 रोजी जर्मनीत वुर्झबर्गला प्राध्यापक रोंटजेन यांना हे किरण सापडले, हे आपण शाळेत शिकलो. शाळेत हे सांगत नाहीत की सैन्याने ते उचलायला वर्षही घेतलं नाही. 1896 मध्येच इटलीत नेपल्सच्या लष्करी रुग्णालयात इथिओपियाच्या लढाईतून परतलेल्या जखमी सैनिकांचे एक्स-रे काढले गेले. आणि 1897 च्या अखेरीला हे यंत्र आपल्याकडे वायव्य सरहद्दीवर पोहोचलं. आफ्रिदी आणि ओरकझाई टोळ्यांविरुद्धच्या तिराह मोहिमेत सर्जन-मेजर बीव्हर यांनी ते वापरलं. खेचर आणि माणूस यांशिवाय तिथे दुसरं वाहन चालत नव्हतं. काचेची नाजूक नळी, बॅटऱ्या, काचेच्याच प्लेटा, हे सगळं त्या डोंगरात न्यायचं, म्हणजे सर्जनसाहेबांइतकंच ते उचलणाऱ्याचंही कौशल्य होतं.

पुढच्या वर्षीचा प्रसंग मला अधिक आवडतो. सप्टेंबर 1898, सुदान, ओमदुरमानची लढाई. जखमींना नाईलकाठी अबादिये इथल्या रुग्णालयात आणलं. एक्स-रेचे प्रमुख सर्जन-मेजर बॅटर्सबी. सावलीतसुद्धा अंग भाजेल अशी उष्णता. यंत्राच्या पेट्यांभोवती ओला नमदा गुंडाळून ठेवावा लागे. आणि वीज? वीज नव्हतीच. मग त्यांनी दोन माणसांनी चालवायची सायकल आणली, तिच्या मागच्या चाकावरून पट्टा डायनामोला लावला आणि त्यावर बॅटऱ्या चार्ज केल्या. बॅटरी जोडली की पेडल जड होतं, जणू सपाटीवरून एकदम घाट लागावा. त्या उन्हात जवान पेडल मारतात, तेव्हा कुठे आत गोळी दिसते.

त्याचा हिशेब बॅटर्सबींनी चोख ठेवला. 121 ब्रिटिश जखमी आले. त्यांपैकी 21 जणांच्या शरीरात गोळी आहे की नाही, असल्यास कुठे, हे नेहमीच्या पद्धतीने कळेना. या 21 पैकी 20 जणांचं निदान एक्स-रेने बरोबर झालं. उरलेला एक इतका अत्यवस्थ होता की त्याला हलवणंच शक्य नव्हतं. म्हणजे ज्यांची तपासणी झाली त्यांत चूक शून्य. आजच्या कुठल्याही विभागाने हेवा करावा असा हा निकाल आहे. आणि तो केवळ यंत्राचा नाही. साहेबाला आपल्या माणसांचं काम माहीत होतं आणि माणसांना आपण पेडल कशासाठी मारतोय हे माहीत होतं. देखरेख याहून फार वेगळी नसते.

भारतात याची पुढची पायरी डेहराडूनला झाली. विसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात तिथे 'एक्स-रे इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया' होती आणि तिचे प्रमुख कॅप्टन वॉल्टर यांनी 1906 मध्ये या विषयावर पुस्तकही लिहिलं. आमच्यासारख्या कित्येकांनी डेहराडूनला घाम गाळला, पण त्या गावाची ही ओळख आम्हाला कुणी करून दिली नाही. असो.

आता काळी बाजू. त्या काळच्या नळीत थोडी हवा असे आणि तिचा दाब रोज बदले. त्यामुळे आज किरण किती भेदक आहेत हे आधी तपासावं लागे. कसं तपासायचं? नळी चालू करायची, तिच्यासमोर आपला हात धरायचा आणि चमकणाऱ्या पडद्यावर स्वतःची हाडं कशी दिसतात ते पाहायचं. दिवसातून अनेकदा, वर्षानुवर्षं. आधी त्वचा लाल व्हायची, नखं जायची, मग जखमा, मग कर्करोग.

थॉमस एडिसन यांच्या प्रयोगशाळेत क्लॅरेन्स डॅली नावाचे सहायक होते. काच फुंकण्यात वाकबगार. एडिसन यांच्या एक्स-रे प्रयोगांत नळ्या तपासण्याचं काम त्यांच्याकडे होतं. एका हाताला इजा झाली की ते दुसरा हात वापरत. शेवटी दोन्ही हात कापावे लागले आणि 1904 मध्ये, चाळिशी गाठायच्या आत, ते गेले. एडिसन घाबरले आणि त्यांनी एक्स-रेचं काम सोडून दिलं. साहेबाला सोडून देता येतं. हाताखालच्या माणसाला ती मुभा नसते.

उपाय फार साधा होता. मेलेल्या माणसाच्या हाताचा सांगाडा एका चौकटीत बसवायचा आणि जिवंत हाताऐवजी तो नळीपुढे धरायचा. किंवा वेगवेगळ्या जाडीच्या धातूच्या पट्ट्या वापरायच्या. 1902 मध्ये फ्रान्समध्ये बेन्वा यांनी असं साधन तयार केलं होतं. म्हणजे डॅली गेले तेव्हा उपाय अस्तित्वात होता. तो प्रत्येक टेबलापर्यंत पोहोचवणं हे वरिष्ठाचं काम होतं, आणि ते कित्येक वर्षं झालं नाही. 1936 मध्ये हॅम्बुर्गच्या सेंट गेओर्ग रुग्णालयाच्या बागेत या किरणांनी बळी घेतलेल्यांचं स्मारक उभं राहिलं, तेव्हा त्यावर 15 देशांतली 169 नावं होती. डॉक्टर, भौतिकशास्त्रज्ञ, तंत्रज्ञ, परिचारिका, सगळे एकाच दगडावर. पुढे त्यात आणखी नावांची भर पडत गेली.

पहिल्या महायुद्धाकडे येऊ. मेरी क्युरी यांनी मोटारींवर एक्स-रे यंत्रं बसवून आघाडीवर नेली, हे बहुतेकांना माहीत आहे. अशा वीस गाड्या आणि सुमारे दोनशे स्थायी केंद्रं त्यांच्या पुढाकाराने उभी राहिली. त्याहून मोठं काम म्हणजे त्यांनी सुमारे 150 स्त्रियांना हे यंत्र चालवायला शिकवलं. त्यांत शिकलेल्याही होत्या आणि अगदी साध्या घरांतल्याही. थोडं गणित, थोडी वीज, थोडं शरीरशास्त्र, आणि मग थेट कामावर.

या बायका नेमकं काय करत हे समजून घेऊ, कारण 'बटण दाबणं' हा शब्द किती खोटा आहे ते त्यातून दिसतं. फोटोत गोळी दिसली तरी ती किती खोल आहे हे कळत नाही, कारण प्लेट सपाट असते. म्हणून एकाच प्लेटवर दोन फोटो काढायचे. समजा नळी प्लेटच्या 60 सेंटिमीटर वर आहे. पहिला फोटो काढला. मग नळी 10 सेंटिमीटर बाजूला सरकवली आणि दुसरा काढला. गोळीची सावली 2 सेंटिमीटर सरकलेली दिसली. आता 60 चे 10 आणि 2 या प्रमाणात भाग पाडायचे. उत्तर येतं 10, म्हणजे गोळी प्लेटपासून 10 सेंटिमीटरवर आहे. आठवीचं गणित. पण तीच सावली मोजताना अर्ध्या सेंटिमीटरची चूक झाली, 2 ऐवजी अडीच मोजलं, तर उत्तर 12 येतं. तंत्रज्ञाच्या पट्टीवरचा अर्धा सेंटिमीटर सर्जनच्या सुरीखाली दोन सेंटिमीटर होतो. आणि दोन फोटोंच्या मध्ये वेदनेने जखमी जरासा जरी हलला, तरी तेच. म्हणून त्याला धीर देऊन स्थिर ठेवणं हासुद्धा मोजमापाचाच भाग.

मेरीबाईंची मुलगी इरेन तेव्हा अठरा वर्षांची. बेल्जियमच्या आघाडीवर एका लष्करी रुग्णालयात ती एकटीच एक्स-रे सांभाळत होती. तिथल्या डॉक्टरला भूमितीचा तिटकारा. तिने गोळीच्या तुकड्याची जागा काढून दिली, पण गोळी जिथून आत शिरली तिथूनच ती सापडणार, असं धरून साहेब आत चाचपत राहिले. काही सापडेना. शेवटी इरेनने त्यांना पटवलं की मी दाखवलेल्या बाजूने जाऊन पाहा. गेले, आणि तुकडा हाती लागला.

माझ्या मते सगळा विषय या प्रसंगात आहे. एका बाजूला दर्जा, पदवी, वय. दुसऱ्या बाजूला त्या घडीचं अचूक ज्ञान. इरेन बोलली, कारण ती क्युरींची मुलगी होती. तिच्या जागी एखादी गिरणी कामगाराची मुलगी असती, तर ती बोलली असती का?

युद्ध संपलं. ब्रिटनमध्ये 1920 साली 'सोसायटी ऑफ रेडिओग्राफर्स' स्थापन झाली. परीक्षा, प्रमाणपत्र, अभ्यासक्रम सुरू झाले. अमेरिकेत 1922 मध्ये तंत्रज्ञांची नोंदवही सुरू झाली. इथवर सगळं छान. पण ब्रिटनमध्ये लगेच भांडण उभं राहिलं. एक्स-रे तज्ज्ञ डॉक्टरांचं म्हणणं असं की तंत्रज्ञांनी फोटो काढावा, त्यात काय दिसतं ते सांगू नये. 1920 च्या दशकाच्या मध्यावर सोसायटीने आपले नियम बदलले. डॉक्टरच्या निर्देशाशिवाय रुग्ण घ्यायचा नाही आणि निदान किंवा अहवाल द्यायचा नाही, हे तंत्रज्ञांनी मान्य केलं.

डॉक्टरांची बाजू अगदीच चूक नव्हती, हेही सांगायला हवं. त्या काळात भाड्याच्या खोलीत यंत्र मांडून, कुणाचाही फोटो काढून, वाटेल ते निदान सांगणारे लोक होते. त्यांना आवरणं गरजेचं होतं. पण चोरासाठी लावलेलं कुलूप घरच्यांनाही लागलं. दिवसाला चाळीस फोटो पाहणाऱ्या, हाडाची चीर डोळ्यांसमोर दिसणाऱ्या माणसाला 'तू पाहिलंस तरी बोलू नकोस' अशी शिस्त लागली, आणि तीच शिस्त त्या पद्धतीबरोबर आपल्याकडे आली. मद्रासला 1934 मध्ये बर्नार्ड इन्स्टिट्यूट सुरू झाली. पुढे ठिकठिकाणी अभ्यासक्रम निघाले, लष्करात आर्मी मेडिकल कोअरमध्ये रेडिओग्राफर तयार झाले. कामाचा दर्जा वाढला. बोलण्याची परवानगी मात्र बहुतेक ठिकाणी साहेबाच्या स्वभावावर राहिली.

हे कुलूप थोडं सैल झालं ते जवळजवळ साठ वर्षांनी, आणि तेही एका लाल टिकलीने. अपघात विभागात रात्री शिकाऊ डॉक्टर असतो. झोपलेला नसतो, घाबरलेला असतो. फोटोतली बारीक चीर त्याच्या नजरेतून सुटते. ब्रिटनमध्ये काही डॉक्टरांनीच सुचवलं की तंत्रज्ञाला फोटोत काही वावगं वाटलं तर त्याने फिल्मवर एक लाल टिकली चिकटवावी. अहवाल नाही, निदान नाही, फक्त टिकली. म्हणजे, 'साहेब, इथे पुन्हा एकदा बघा.' 1985 मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये या पद्धतीवर लेख आला आणि ती पसरली. पुढे तर ब्रिटनमध्ये खास प्रशिक्षण घेतलेले तंत्रज्ञ काही प्रकारच्या फोटोंचे अहवालही देऊ लागले.

आमच्या रुग्णालयात मी टिकलीचा विषय काढला, तेव्हा एक ज्येष्ठ डॉक्टर म्हणाले, "उद्या वॉर्डबॉयही टिकल्या लावतील." मी एवढंच म्हणालो की आमच्याकडे संतरी जनरललाही थांबवतो आणि जनरलला त्यात अपमान वाटत नाही. परवलीचा शब्द सांगायचा आणि पुढे जायचं. टिकल्या सुरू झाल्या नाहीत, पण रात्रपाळीच्या तंत्रज्ञाने ड्यूटी डॉक्टरला थेट फोन करावा, एवढं ठरलं. तेवढ्यानेही फरक पडला.

किरणांपासून बचावाची बाजू आता बरीच सुधारली आहे. 1934 मध्ये आंतरराष्ट्रीय समितीने दिवसाला 0.2 रोंटजेन चालेल असं सांगितलं होतं. वर्षाचा हिशेब केला तर ते आजच्या मर्यादेच्या वीस पटींहून अधिक होतं. आज भारतात अणुऊर्जा नियामक मंडळाचा, म्हणजे 1983 मध्ये स्थापन झालेल्या एईआरबीचा नियम आहे: पाच वर्षांची सरासरी काढून वर्षाला 20 मिलिसिव्हर्ट, आणि कुठल्याही एका वर्षात 30 च्या वर नाही. प्रत्येकाला टीएलडी बॅज. ठरावीक मुदतीने तो प्रयोगशाळेत जातो आणि किती किरण लागले ते कळतं.

कागदावर उत्तम. पण एकदा एका तंत्रज्ञाच्या बॅजवर भलताच आकडा आला. चौकशी केली तर माणूस ठणठणीत आणि सुट्टीवर होता. त्याने बॅज एप्रनला तसाच लावून ठेवला होता आणि एप्रन महिनाभर एक्स-रेच्या खोलीतल्या खुंटीवर लटकत होता. किरण खाल्ले खुंटीने, नोंद झाली माणसाच्या नावावर. उलटंही होतं, आणि ते जास्त वाईट: आकडा वाढला तर कामावरून काढतील या भीतीने काही जण बॅज खणात ठेवून काम करतात. अशा ठिकाणी आकडा कायम स्वच्छ येतो. म्हणून देखरेख करणाऱ्याने रजिस्टर बघावंच, पण खुंटीही बघावी. शिशाचा एप्रन घडी घालून ठेवलाय का, कारण घडीवर शिसं चिरतं. डावा-उजवा दाखवणारं शिशाचं अक्षर फोटो काढतानाच ठेवलंय की नंतर संगणकावर टाकलंय. किती फोटो पुन्हा काढावे लागले आणि का. हा शेवटचा आकडा माणसं लपवतात, कारण त्यावरून बोलणी बसतात. बोलणी बंद केली की आकडा खरा येऊ लागतो.

आणि रुग्ण? त्याच्या अंगाला तर बॅज नसतो. अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या सीडर्स-सायनाय या नावाजलेल्या रुग्णालयात फेब्रुवारी 2008 मध्ये सीटी यंत्राच्या मेंदू तपासणीची मांडणी बदलली. त्यात चूक झाली आणि पक्षाघाताच्या संशयितांना ठरलेल्या डोसच्या आठपट किरण बसू लागले. हे अठरा महिने चाललं. दोनशेहून अधिक रुग्ण. कळलं कधी, तर ऑगस्ट 2009 मध्ये एका रुग्णाने केस गळाल्याचं सांगितलं तेव्हा. या काळात प्रत्येक तपासणीला डोसचा आकडा पडद्यावर दिसत होता. यंत्राने काहीच लपवलं नव्हतं. तो आकडा नेहमीचा आहे का, हे विचारणं कुणाचं काम आहे, हेच ठरलेलं नव्हतं. तंत्रज्ञाला वाटलं डॉक्टरांनी ठरवलंय, डॉक्टरांना वाटलं यंत्र बरोबर आहे. पलटणीत याला आम्ही म्हणायचो, सगळ्यांची ड्यूटी म्हणजे कुणाचीच नाही.

मुंबईतली जानेवारी 2018 ची घटना तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. एमआरआयच्या खोलीत रुग्णाबरोबर गेलेला एक तरुण नातेवाईक, हातात ऑक्सिजनचं लोखंडी सिलिंडर. चुंबकाने सिलिंडरसकट त्याला खेचलं आणि त्याचा जीव गेला. मशीन बंद आहे असं त्याला सांगितलं गेलं होतं, असं घरच्यांचं म्हणणं. लक्षात ठेवा, एमआरआयचा चुंबक तपासणी सुरू नसली तरी जागाच असतो. रात्रीसुद्धा, सुट्टीच्या दिवशीसुद्धा. 2001 मध्ये न्यूयॉर्कजवळ सहा वर्षांच्या मुलाचा असाच सिलिंडरने बळी घेतला होता. सतरा वर्षं आधीचा धडा जगासमोर होता.

ते दार म्हणजे संतरीची चौकी आहे. तिथे उभ्या असलेल्या तंत्रज्ञाला सर्जन, वॉर्डबॉय, आमदारांचा माणूस, रडणारा नातेवाईक, कुणालाही 'थांबा' म्हणता आलं पाहिजे. आणि त्याने थांबवल्यावर दुसऱ्या दिवशी प्रशासकाच्या खोलीत बोलावणं आलं, तर त्याची बाजू कोण घेणार हे त्याला आधीपासून माहीत असलं पाहिजे. माझ्या कारकिर्दीत अशा दोन तक्रारी माझ्यापर्यंत आल्या. दोन्ही वेळा तक्रार करणारे वजनदार होते. दोन्ही वेळा मी तंत्रज्ञाला लेखी शाबासकी दिली आणि तिची प्रत सूचना फलकावर लावली. त्यानंतर तिसरी तक्रार आली नाही.

2021 मध्ये आपल्या संसदेने संलग्न आरोग्य व्यवसायांचा कायदा केला. रेडिओलॉजी आणि इमेजिंगचे तंत्रज्ञ त्यात येतात. त्यांची अधिकृत नोंदवही, किमान शिक्षण, राज्या-राज्यांत परिषदा, अशी तरतूद आहे. ब्रिटन-अमेरिकेत जे 1920-22 मध्ये सुरू झालं, ते इथे शंभर वर्षांनी कायद्यात आलं. आता रात्री दोन वाजता जिल्हा रुग्णालयात एकट्या असलेल्या तंत्रज्ञाला फोटोत चीर दिसली, तर त्याने कुणाला आणि कसं सांगायचं, हे परिषदांनी लिहून काढायचं आहे.

पुढच्या भागात ओमदुरमानच्याच मोहिमेत वाळवंटातून टाकलेल्या रेल्वेकडे जाऊ. जय हिंद.